पेसमेकरची बॅटरी आणि रात्रीची झोप

पेसमेकरची नियमित तपासणी झाल्यावर रुग्णाच्या हाती जो छापील कागद येतो, त्यावर वीस-पंचवीस आकडे असतात. घरातील मंडळी त्यांतील एकच वाचतात : बॅटरीचे उर्वरित आयुष्य, दीड वर्ष. तारेचा रोध किती, हृदयाला चेतवण्यास लागणारा किमान विद्युत्‌दाब किती, किती टक्के ठोके यंत्राने दिले, या आकड्यांकडे कोणी पाहत नाही. 'दीड वर्ष' हे दोन शब्द मात्र गाडीत बसल्यापासून मनात घोळू लागतात आणि चाकण मागे पडेपर्यंत त्यांचा अर्थ बदललेला असतो. कागदावर ती यंत्राची मुदत होती. गाडीतील माणसांना ती वडिलांची मुदत वाटू लागते.

कळंबच्या पेठेतील एखादे सत्तरी ओलांडलेले व्यापारी डोळ्यांसमोर आणावेत. घोड नदीच्या काठचे हे गाव पुणे–नाशिक रस्त्यावर. अलीकडे मंचर, पलीकडे नारायणगाव. दुकान आता मुलगा पाहतो. काका सकाळी गादीवर येऊन बसतात, रोजमेळावर नजर टाकतात, जुन्या गिऱ्हाइकांशी दोन शब्द बोलतात. आठ-नऊ वर्षांपूर्वी ते चक्कर येऊन पडले, हृदयातील विद्युत्‌वहन अडते असे निदान झाले आणि पुण्यात पेसमेकर बसला. त्यानंतर इतकी वर्षे कोणाला त्या यंत्राची आठवणही नव्हती. हा कागद आल्यापासून मात्र काका परगावच्या लग्नाला मुक्कामी जाण्याचे टाळतात. काकू रात्री दोन वाजता उठून त्यांच्या मनगटावर बोटे ठेवतात. मुलाने मोबाइलवर काहीबाही वाचून ठेवले आहे, पण तो वडिलांपुढे विषय काढत नाही आणि वडीलही मुलापुढे काढत नाहीत. असे घर कळंबातच असेल असे नाही. पेसमेकर बसवून आठ-दहा वर्षे झालेल्या माणसांच्या कोणत्याही गावी ते सापडेल.

या भीतीचे मूळ एका चुकीच्या तुलनेत आहे. बॅटरी म्हटले की घरातल्या बॅटऱ्याच आठवतात. गावाकडे विजेरीलाच बॅटरी म्हणतात. ती एका रात्री मंद होते आणि विझते. मोबाइल एक टक्क्यावर येतो आणि बंद पडतो. भारनियमनात इन्व्हर्टर चालता चालता कण्हू लागतो आणि पंखा थांबतो. छातीतील यंत्रही एके रात्री असेच थांबेल, हे चित्र मनात उभे राहते. पेसमेकरच्या बॅटरीची घडणच या चित्राच्या उलट हेतूने झालेली आहे.

अनेक वर्षे वापरात असलेल्या लिथियम-आयोडीन बॅटरीचा दाब नवीन असताना सुमारे २.८ व्होल्ट असतो. वापराबरोबर आत लिथियम आयोडाइडचा थर साचत जातो, अंतर्गत रोध वाढतो आणि दाब हळूहळू, अंदाज करता येईल अशा गतीने उतरतो. यंत्र ही घसरण स्वतःच मोजत असते. दाब ठरावीक पातळीला आला की यंत्र 'बदलीची सूचना' नोंदवते. डॉक्टर तिला ईआरआय म्हणतात. ही सूचना म्हणजे बॅटरी संपली असे नव्हे. तेथून पुढे साधारणतः तीन महिने यंत्र काम करील, इतकी शिल्लक राखूनच ती पातळी ठरवलेली असते. कागदावरचे 'दीड वर्ष' हेही बहुतेक यंत्रांत या सूचनेपर्यंतचे असते, शेवटापर्यंतचे नव्हे. मुदत ठेवीची पावती आणि तिची परिपक्वतेची तारीख व्यापारी घरांत सर्वांना समजते. त्या तारखेस ठेव नाहीशी होत नाही, नूतनीकरणासाठी पेढीवर जावे लागते. येथेही काम तेवढेच आहे, फरक इतकाच की येथे हयगय चालत नाही.

सूचना लागल्याचे ओळखण्याच्या खुणाही आहेत. पेसमेकरवर विशिष्ट चुंबक ठेवला की तो एका ठरलेल्या गतीने चालू लागतो. एका मोठ्या कंपनीच्या यंत्रांत ही गती मिनिटाला ८५ असते आणि बदलीची सूचना लागल्यावर ती ६५ होते. इतर कंपन्यांचे आकडे वेगळे आहेत. ही परीक्षा दवाखान्यातच करावयाची. घरी ध्वनिक्षेपकाचा चुंबक छातीशी धरून पाहण्याचा उद्योग कोणी करू नये. झटका देणारी यंत्रे, ज्यांना आयसीडी किंवा डीफिब्रिलेटर म्हणतात, त्यांतील पुष्कळशी बॅटरी उतरल्यावर बीप असा आवाज देतात किंवा छातीत थरथरतात. आपले यंत्र यांपैकी काय करते, हे पुढच्या भेटीत विचारून घ्यावे आणि तो आवाज तेथेच एकदा ऐकून ठेवावा. अनोळखी आवाजाने मध्यरात्री उडणारी तारांबळ त्यामुळे टळते.

एक गोष्ट मात्र आधी सांगून ठेवली पाहिजे. काही दुहेरी तारांचे पेसमेकर सूचनेच्या पातळीला आले की शक्ती वाचवण्यासाठी आपोआप साध्या पद्धतीवर जातात. वरच्या आणि खालच्या कप्प्यांचा मेळ सोडून केवळ खालचा कप्पा चालवतात. काहींना त्या दिवसापासून थकवा, धाप, डोके हलके होणे असे जाणवू लागते. वय झाले म्हणून हे अंगावर काढू नये. त्याच दिवशी दूरध्वनी करावा.

बॅटरीची चिंता पेसमेकरइतकीच जुनी आहे. शरीरात पेसमेकर बसवलेले पहिले गृहस्थ स्वीडनचे आर्ने लार्सन. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोमजवळच्या कॅरोलिन्स्का रुग्णालयात शल्यचिकित्सक ओके सेनिंग यांनी अभियंते रूने एल्मक्विस्ट यांनी घडवलेले यंत्र त्यांना बसवले. लार्सन यांचे हृदय दिवसातून अनेक वेळा थांबत असे आणि त्यांच्या पत्नीने या दोघांचा पिच्छा पुरवून हे काम करवून घेतले होते. पहिले यंत्र काही तासांतच बंद पडले. त्यात निकेल-कॅडमियमच्या पुन्हा भारित करता येणाऱ्या घटिका होत्या; बाहेरून वेटोळे धरून त्यांत वीज भरावयाची. म्हणजे आज मोबाइल भरतो तसेच. पुढील आयुष्यात लार्सन यांची यंत्रे इतक्या वेळा बदलली गेली की त्यांची गणती २६ पर्यंत गेली. डिसेंबर २००१ मध्ये, वयाच्या ८६ व्या वर्षी ते गेले, ते त्वचेच्या कर्करोगाने. तोपर्यंत त्यांचे शल्यचिकित्सक आणि अभियंते दोघेही निवर्तले होते. बॅटरीच्या आयुष्यावरून माणसाचे आयुष्य मोजणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

लार्सन यांच्यानंतर १९६० साली अमेरिकेत विल्सन ग्रेटबॅच आणि डॉक्टर विल्यम चार्डॅक यांचा पेसमेकर आला. त्यातील पारा-जस्ताच्या घटिका दोनेक वर्षांत थकत. बॅटरी कधी संपूच नये, या आग्रहातून १९७० साली पॅरिसमध्ये प्लुटोनियमवर चालणारा पेसमेकरही बसवला गेला. त्या प्लुटोनियमचे अर्धायुष्य सुमारे ८८ वर्षे. रुग्ण जाईल, बॅटरी राहील. मग मृत्यूनंतर तो किरणोत्सारी ऐवज शोधून परत मिळवण्याची जबाबदारी आली आणि दरम्यान यंत्रशास्त्र इतके पुढे गेले की ते कायमचे यंत्रच कालबाह्य ठरले. १९७२ पासून लिथियम-आयोडीन बॅटरी माणसांत बसू लागली आणि हा प्रश्न पुष्कळसा निकालात निघाला. आजचा पेसमेकर साधारणपणे आठ ते बारा वर्षे चालतो, काही त्याहून अधिक. बॅटरी बदलण्याच्या निमित्ताने दर दहा वर्षांनी रुग्णाला नवे, अधिक शहाणे यंत्र मिळते, हा लाभ सहसा कोणी मोजत नाही.

आता काकूंच्या रात्रीच्या दोन वाजताच्या नाडीविषयी. पेसमेकर मिनिटाला ६० ठोक्यांवर लावला आहे आणि काकूंना ५० मोजता आले, की घरात दिवे लागतात. पुष्कळ यंत्रांत झोपेसाठी वेगळी, कमी गती लावण्याची सोय असते; माणूस झोपला की ६० ऐवजी ५० पुरते, आणि बॅटरीही वाचते. शिवाय मध्येच हृदयाचा स्वतःचा एखादा अकाली ठोका पडला, तर तो मनगटापर्यंत पोहोचत नाही आणि मोजणाऱ्याला वाटते की ठोका चुकला. बोटाला लावण्याचे ऑक्सिमीटर आणि दंडाचे रक्तदाबयंत्रही अशा वेळी चुकीचा आकडा दाखवतात. तेव्हा डॉक्टरांकडून दोनच आकडे लिहून घ्यावेत : दिवसाची किमान गती आणि रात्रीची किमान गती. नाडी पाहावयाचीच असेल, तर सकाळी उठल्यावर, पूर्ण एक मिनिट, दिवसातून एकदाच. दिवसातून दहा वेळा गल्ला मोजल्याने विक्री वाढत नाही, हे दुकानदारास शिकवावे लागत नाही.

पुष्कळ रुग्णांच्या मनात आणखी एक शंका असते, जी ते बोलून दाखवत नाहीत. भीतीने छातीत धडधडते, मग बॅटरी लवकर उतरत असेल काय? तसे होत नाही. आजचा पेसमेकर मागणीप्रमाणे काम करतो. हृदय स्वतः वेगाने चालत असेल, तेव्हा तो केवळ पाहत राहतो. बॅटरी खरी खर्च होते ती त्याला स्वतः ठोका द्यावा लागतो तेव्हा. म्हणूनच एकाच दिवशी, एकाच कंपनीचे यंत्र बसवलेल्या दोन व्यक्तींची बॅटरी वेगवेगळ्या वर्षी संपते. एकाच्या हृदयाला शंभर टक्के आधार लागतो, दुसऱ्याच्या दहा टक्के. प्रत्येक ठोक्याचा दाब किती ठेवला आहे, यावरही खर्च अवलंबून असतो, आणि ही ऊर्जा दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते : पाच व्होल्टऐवजी अडीच व्होल्ट पुरत असेल, तर खर्च निम्मा नव्हे, सुमारे पाव होतो. तपासणीत डॉक्टर हृदयाची गरज मोजून आणि सुरक्षिततेचे अंतर राखून हा दाब शक्य तितका कमी करतात. त्यामुळे मागील वेळी 'दीड वर्ष' म्हणणारा कागद पुढील वेळी 'एक वर्ष आठ महिने' म्हणू शकतो. तो अंदाज आहे, पंचांग नव्हे.

जुन्नर-आंबेगाव भागातील रुग्णांच्या यादीत आणखी एक भय असते, ते खोडदच्या दुर्बिणीचे. नारायणगावजवळ खोडद येथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. इतकी मोठी यंत्रे जवळ असता पेसमेकरवर परिणाम होत नसेल काय, असे विचारले जाते. ही दुर्बीण आकाशातून येणाऱ्या अत्यंत क्षीण रेडिओ लहरी ग्रहण करते, स्वतः लहरी फेकत नाही. तिच्याशेजारून निर्धास्त जावे. त्यापेक्षा शर्टाच्या डाव्या खिशातील मोबाइल, मुलाच्या हातातील वेल्डिंगचे यंत्र आणि स्वयंपाकघरातील इंडक्शन शेगडीवर वाकून उभे राहणे, यांची काळजी अधिक योग्य. मोबाइल यंत्रापासून वीतभर दूर, उजव्या बाजूला ठेवावा; शेगडीपासून हातभर अंतर राखावे; वेल्डिंग दुसऱ्याने करावे. यांतील बहुतेक गोष्टींनी बॅटरी संपत नाही, यंत्राची क्षणिक गफलत होते एवढेच.

व्यापारी कुटुंबांत एक तोडगा हटकून सुचवला जातो : 'दीड वर्ष थांबायचे कशाला? आत्ताच बदलून टाका, पैशाचा प्रश्न नाही.' हा सल्ला प्रेमाचा असला तरी हिशेबाचा नाही. बॅटरी बदलणे म्हणजे संपूर्ण यंत्र बदलणे. बॅटरी त्या बंद धातूच्या डबीतच असते. बहुधा जागेवर भूल देऊन, जुन्या व्रणावरच छेद घेऊन डबी काढतात, हृदयात गेलेल्या जुन्या तारा तपासून त्या नव्या डबीला जोडतात. पहिल्या वेळेपेक्षा हे काम लहान असते, पुष्कळ रुग्ण एक-दोन दिवसांत घरी येतात. तथापि लहान म्हणजे निर्धोक नव्हे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या 'रिप्लेस' या अमेरिकी नोंदवहीत ७२ केंद्रांतील रुग्णांचा सहा महिने मागोवा घेतला होता. केवळ डबी बदललेल्यांपैकी ४ टक्के लोकांना मोठी गुंतागुंत झाली आणि ज्यांना त्याच वेळी नवी तारही टाकावी लागली, त्यांच्यात हे प्रमाण १५.३ टक्के होते. जंतुसंसर्ग हा त्यांतील सर्वांत त्रासदायक, कारण मग डबी आणि तारा दोन्ही काढाव्या लागतात. प्रत्येक बदलीबरोबर हा धोका पुन्हा पत्करावा लागतो. म्हणून दीड वर्षाची चांगली बॅटरी घाबरून फेकून देणे हा सावधपणा ठरत नाही. सूचनेपर्यंत थांबणे आणि सूचना लागल्यावर दिरंगाई न करणे, या दोन्ही गोष्टी सारख्याच महत्त्वाच्या आहेत. शस्त्रक्रियेपूर्वी रक्त पातळ करणारी गोळी बंद करावयाची की चालू ठेवावयाची, हेही शेजाऱ्याच्या अनुभवावरून ठरवू नये.

भीती सर्वस्वी निराधार आहे, असे मात्र म्हणता येत नाही. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एका मोठ्या कंपनीच्या आयसीडी यंत्रांविषयी इशारा दिला होता. त्यांच्या बॅटरीत लिथियमचे कण साचून ती अपेक्षेपेक्षा फार लवकर, काही वेळा दिवसभरातच उतरत असे आणि त्यामुळे मृत्यूही झाले होते. असे दोष विरळा असतात, पण असतात. अशा वेळी रुग्णाला गाठण्याचे साधन एकच : यंत्राचे ओळखपत्र. कंपनी, नमुना, अनुक्रमांक आणि बसवल्याची तारीख त्यावर असते. कितीतरी घरांत हे पत्र कपाटात दागिन्यांच्या पावत्यांबरोबर जपून ठेवलेले असते, म्हणजे गरजेच्या वेळी मिळत नाही. मूळ पत्र रुग्णाच्या पाकिटात आणि त्याचे छायाचित्र घरातील तिघांच्या मोबाइलमध्ये असावे. पत्ता किंवा मोबाइल क्रमांक बदलला, तर रुग्णालयास कळवावे.

'उरलेली तीन वर्षे' या शब्दांचा अर्थ माणसागणिक किती बदलतो, हे मुंबईत दिसले आहे. वांद्रे येथील होली फॅमिली रुग्णालयात डॉक्टर यश लोखंडवाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्यांना यंत्राची गरज होती पण घेण्याची ऐपत नव्हती, अशा रुग्णांना वापरलेली आयसीडी यंत्रे निर्जंतुक करून बसवली. ती इतर रुग्णांच्या शरीरातून काढलेली होती आणि अट अशी होती की बॅटरीत किमान तीन वर्षे शिल्लक असावीत. या कामाचा अहवाल २०१२ साली एका मान्यवर अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात आला. ८१ रुग्णांना मिळून १०६ यंत्रे बसवली गेली, कारण काहींची बॅटरी संपल्यावर दुसरे जुने यंत्र बसवावे लागले. जंतुसंसर्गाची गुंतागुंत एकालाही झाली नाही आणि अर्ध्याहून अधिक रुग्णांत त्या यंत्राने जीवघेणी लय वेळेवर ओळखून उपचार केला. याच रुग्णालयात ५३ गरीब रुग्णांना अमेरिकेतील मृत व्यक्तींच्या कुटुंबीयांनी दान केलेले पेसमेकर बसवल्याचाही अहवाल आहे.

कंपन्या ही यंत्रे एकदाच वापरण्यासाठी म्हणून विकतात आणि कोणी आपल्यासाठी जुने यंत्र शोधत फिरावे, असा येथे हेतू नाही. परंतु वांद्र्याच्या त्या रुग्णाचा विचार करावा. त्याला यंत्र मिळाले, तेव्हाच सांगितले गेले असणार की यात काही वर्षेच आहेत. त्याने ती घेतली, कामावर गेला, मुले शाळेत पाठवली आणि पुढे वेळ आली तेव्हा दुसरे यंत्र बसवून घेतले. कळंबच्या काकांच्या कागदावर दीड वर्ष आहे, आणि त्यानंतर कोरे करकरीत नवे यंत्र घेण्याची ऐपतही आहे. तरी झोप उडाली आहे ती काकांची.

ऐपतीचा विषय निघालाच आहे, तर त्याची तजवीज आजच करून ठेवावी. बॅटरी हा असा आजार आहे की ज्याची तारीख वर्षभर आधी कळते. इतकी सवलत दुसरे कोणते दुखणे देत नाही. अपेक्षित काळाच्या तीन-चार महिने आधी परिपक्व होईल अशी ठेव वेगळी काढावी आणि खाते 'दोघांपैकी कोणीही' या पद्धतीचे असावे, म्हणजे रुग्णालयातून सहीसाठी धावपळ होत नाही. वैद्यकीय विम्याचा हप्ता या काळात चुकवू नये. नव्या विम्यात आधीच्या आजारासाठी प्रतीक्षाकाळ असतो; २०२४ पासून तो जास्तीत जास्त ३६ महिने आहे, पण ३६ महिने म्हणजे बॅटरीच्या पुढेच. शासकीय योजना आपल्यासाठी नसतात, असा समज व्यापारी घरांत रुजलेला आहे, तो आता जुना झाला. ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत सत्तर वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक नागरिकास, उत्पन्न कितीही असो, वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेची व्याप्तीही २०२३ च्या निर्णयाने सर्व शिधापत्रिकाधारकांपर्यंत नेली गेली. यंत्र बदलण्याचे काम कोणत्या संलग्न रुग्णालयात आणि कोणत्या अटींवर होते, हे तेथील आरोग्यमित्रास आधी विचारावे. लाभपत्र आधीच काढून ठेवलेले बरे. दाखल झाल्यावर आधार कार्डावरील जन्मतारखेचा घोळ निस्तरत बसणे कोणालाच झेपत नाही.

घरातील मौन हा या दुखण्याचा सर्वांत अवघड भाग. मुलगा वडिलांना जपतो म्हणून बोलत नाही, वडील मुलाला त्रास नको म्हणून बोलत नाहीत, आणि दोघेही आपापल्या परीने सर्वांत वाईट तेच धरून चालतात. पुढच्या तपासणीस काका, काकू आणि मुलगा तिघांनी एकत्र आत जावे. प्रश्न कागदावर लिहून न्यावेत : मुदत सूचनेपर्यंतची की शेवटापर्यंतची? माझे हृदय स्वतः किती चालते? सूचना लागल्यावर मला काय जाणवेल? तपासणी आता सहा महिन्यांनी की तीन महिन्यांनी? तारा अजून चांगल्या आहेत का? घरबसल्या माहिती पाठवणारी सोय माझ्या यंत्रात आहे का? उत्तरे तिघांनी एकाच वेळी ऐकली की रात्रीच्या अर्ध्या शंका तेथेच मिटतात. उरलेल्या सहज मिटतील असे नाही. आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, घराबाहेर पडणे बंद झाले असेल, जेवणावरची वासना उडाली असेल, तर तेही हृदयरोगतज्ज्ञांना स्पष्ट सांगावे आणि मनोविकारतज्ज्ञाकडे जाण्यात कमीपणा मानू नये. शासनाच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक निःशुल्क आहे आणि मराठीतून बोलता येते. मात्र चक्कर, बेशुद्धी, वाढती धाप, दिवसाच्या किमान गतीहून सतत कमी नाडी, किंवा यंत्रावरची त्वचा लाल होऊन सुजणे, यांपैकी काही झाले तर तो चिंतेचा विषय नव्हे. १०८ ला दूरध्वनी करून निघावे.

वृद्ध मंडळींच्या मनात शेवटचा एक प्रश्न असतो, तो मुले विचारू देत नाहीत : मागे काय? पेसमेकर अग्नीत स्फोट पावतो, म्हणून अंत्यसंस्कारापूर्वी तो काढून घेणे आवश्यक असते. डॉक्टर एका लहान छेदाने तो काढतात. ही सूचना ओळखपत्राच्या मागील बाजूस एका ओळीत लिहून ठेवली, की विषय संपतो आणि वृद्धांना त्याचे समाधानच वाटते.

राहता राहिले पर्युषण. बॅटरीच्या शेवटच्या वर्षात अठ्ठाई किंवा लांब उपवास करण्याची इच्छा असेल, तर ती डॉक्टरांपासून लपवू नये. उपवासाने बॅटरीला काही होत नाही, पण शरीरातील पाणी आणि पोटॅशियम यांचे प्रमाण बिघडले तर हृदयाला चेतवण्यासाठी लागणारा दाब बदलू शकतो, आणि रक्तदाबाच्या व लघवी वाढवणाऱ्या गोळ्या रिकाम्या पोटी वेगळ्याच वागतात. चौविहार पाळणाऱ्यांनी संध्याकाळची गोळी सूर्यास्तापूर्वी घेता येईल असे वेळापत्रक मागून घ्यावे. बहुतेक डॉक्टर ते करून देतात. तपासणीची तारीख श्रावणातच घ्यावी.